अपॉइंटमेंटची वही मोबाईलमध्ये आणताना: कॅलेंडर, रिमाइंडर आणि कोल्हापूरची वेळ

माझ्या वहिनींचा राजारामपुरीत दातांचा दवाखाना आहे, दोन खुर्च्यांचा, आणि संध्याकाळी काउंटरला मी असतो. दोनेक वर्षांपूर्वी एका शनिवारी मुरगूडहून एक मावशी आल्या, रूट कॅनॉलची दुसरी सिटिंग, साडेसहाची वेळ, आणि त्याच साडेसहाला कागलचे एक दादा पण आले, त्यांचं पण रूट कॅनॉलच. मावशींची वेळ डायरीत लिहिलेली, दादांना वहिनींनी स्वतः फोनवर वेळ दिलेली आणि ती त्यांच्या मोबाईलच्या नोट्समध्ये राहिलेली. दुसऱ्या खुर्चीवर दाढ काढायचं चालू. मावशी आठ वाजेपर्यंत बसून राहिल्या, एक शब्द बोलल्या नाहीत, पण त्यांची गाडी चुकली आणि रात्री त्यांना मुरगूडपर्यंत सोडायला मी गेलो. परत येताना डोक्यात एकच, की चूक ना मावशींची ना दादांची, वेळ दोन ठिकाणी लिहिली गेली ही चूक.

त्यानंतर आम्ही कॅलेंडरवर आलो आणि आता डायरी नाहीच. ओळखीच्या पार्लरवाल्या ताई, एक फिजिओथेरपिस्ट, गाड्यांचं सर्व्हिसिंग करणारा मित्र, सगळे विचारतात की कुठलं सॉफ्टवेअर घेऊ. म्हणून सविस्तर लिहितोय, दवाखान्याचं उदाहरण घेऊन, पण पार्लरला असो नाहीतर गॅरेजला, रीत हीच. आणि सगळ्यात आधी सांगतो, कुठलं सॉफ्टवेअर हा प्रश्न तिसरा-चौथा आहे. वेळ लिहायची जागा एकच पाहिजे, हा पहिला.

तुमच्याकडे नंबर लागतो का वेळ दिली जाते

आपल्याकडं लोक फोन करून म्हणतात, "नंबर लावायचा हाय." नंबर आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सॉफ्टवेअर घेण्याआधी याचा फैसला घरात व्हायला पाहिजे. सर्दी-तापाचे डॉक्टर असतील, पेशंटला पाच-सात मिनिटं लागतात, कोण कधी येईल ते सांगता येत नाही, तिथं नंबरच बरा, तिथं कॅलेंडर लादलं तर काउंटरवरच्या मुलीचे हाल होतात. पण जिथं एका माणसाला अर्धा तास, पाऊण तास लागतो, खुर्ची किंवा बेड किंवा रॅम्प अडकतो, तिथं वेळच द्यायला लागते. दातांचा दवाखाना, फिजिओथेरपी, पार्लर, गाडीचं सर्व्हिसिंग, नवीन गिऱ्हाइकाला तासभर देणारे वकील किंवा सीए, हे सगळे वेळवाले.

मिश्र पण चालतं. आमच्याकडं सकाळी दहा ते अकरा हा तास कायम मोकळा ठेवलाय, रात्रभर दाढ ठणकून आलेला माणूस अपॉइंटमेंट घेऊन येत नसतो. त्या तासाला "अर्जंट" असं नाव देऊन कॅलेंडरवर रोजची नोंदच टाकलीय, म्हणजे चुकून तिथं कुणाला वेळ दिली जात नाही.

मोबाईलला हात लावायच्या आधी घड्याळ लावा

हे काम कंटाळवाणं वाटतं पण अख्ख्या गोष्टीचा पाया इथं आहे. एक आठवडा कागदावर नुसतं लिहा, माणूस खुर्चीवर बसला किती वाजता आणि उठला किती वाजता. आम्ही समजत होतो की दात साफ करायला वीस मिनिटं लागतात, प्रत्यक्षात खुर्ची पुसणं, हत्यारं बदलणं, पैसे देऊन पावती घेणं हे सगळं धरून पस्तीस मिनिटं जात होती. आता आमची कोष्टकं अशी आहेत, नुसती तपासणी वीस मिनिटं, क्लीनिंग चाळीस, दाढ काढणं चाळीस, रूट कॅनॉलची एक सिटिंग एक तास, दातांच्या तारा घट्ट करायची भेट वीस. या सगळ्यात मधली दहा मिनिटं धरलेली आहेत. हे आकडे तुम्ही उचलू नका, तुमचे तुम्ही मोजा, दुसऱ्या दवाखान्यात हात वेगळा, मदतनीस वेगळा.

हत्यारं ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या मशीनमधून, निघायला लागणारा वेळ पण यात धरा. १२१ अंशाला पंधरा-वीस मिनिटं म्हणतात ती नुसती आतली धरायची वेळ, तापणं, वाफ सोडणं, सुकणं धरलं की ते कितीतरी लांबतंय. हत्याराचे चारच सेट असतील तर कॅलेंडरवर पाचवी जागा मोकळी दिसूनही उपयोग नाही. पार्लरमध्ये हीच गोष्ट वॉश बेसिनची, गॅरेजमध्ये लिफ्टची. जी वस्तू सगळ्यात आधी अडते तिच्या हिशोबानं वेळ द्यायची.

खातं कुणाच्या नावानं

सुरुवातीला गुगल कॅलेंडर घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. फुकट आहे, जवळपास प्रत्येक अँड्रॉइड फोनवर आधीच असतं, आणि उद्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर जायचं झालं तर त्यातला डेटा बाहेर काढता येतो. पण वहिनींच्या घरच्या जीमेलवर ते सुरू करू नका. दवाखान्याचं वेगळं खातं काढा. रिकव्हरीचा मोबाईल नंबर मालकाचा टाका, काउंटरवर बसणाऱ्या मुलीचा नको, कारण ती उद्या लग्न होऊन सांगलीला गेली की ओटीपी तिच्याकडं जाणार. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय, पहिल्याच दिवशी चालू करा.

मग कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये कॅलेंडर उघडा, सेटिंग्जची कामं मोबाईलपेक्षा तिथं सोपी पडतात. या पाच गोष्टी बघा:

- टाइम झोन भारताचा आहे का, म्हणजे जीएमटी अधिक साडेपाच तास. जुन्या किंवा बाहेरून आणलेल्या कॉम्प्युटरवर तो वेगळा असू शकतो आणि मग सगळ्या वेळा सरकतात.
- वेळ दाखवायची पद्धत २४ तासांची करा, १३:०० अशी. मोबाईलवर पण फोनच्या सेटिंगमधून २४ तास करून घ्या.
- नवीन नोंद आपोआप किती वेळाची धरायची ते ठरवा, तासाऐवजी तीस मिनिटं ठेवा.
- मुख्य कॅलेंडरचं नाव बदलून "खुर्ची १" करा, आणि नवीन कॅलेंडर काढून त्याला "खुर्ची २" नाव द्या, रंग वेगळा.
- वाढदिवस वगैरे जे आपोआप दिसतं ते बंद करा, भारतातल्या सुट्ट्यांचं कॅलेंडर चालू ठेवा.

२४ तासांवर माझा इतका जोर का, तर साडेबारा. दुपारी साडेबाराची वेळ टाकताना एएम राहिलं की ती नोंद रात्री साडेबाराला जाऊन बसते, दिवसाच्या चित्रात वर कुठंतरी, दिसतच नाही, आणि पेशंट मात्र दुपारी बरोबर येऊन उभा. १२:३० आणि ००:३० असं दिसायला लागलं की ही चूक होतच नाही.

खुर्चीचं वेगळं कॅलेंडर का, तर गुगल कॅलेंडर तुम्ही हातानं नोंद टाकताना अडवत नाही. एकाच वेळेला दोन माणसं टाकली तरी ते दोन्ही शेजारी शेजारी दाखवतं, गप्प. बऱ्याच जणांना वाटतं की सॉफ्टवेअर आहे म्हणजे ते ओरडेल. नाही ओरडत. एका रंगाचे दोन डबे शेजारी दिसले की घोळ आहे, हे काउंटरवरच्या माणसाच्या डोळ्याला शिकवायला लागतं, आणि दोन रंग असले की ते लगेच कळतं.

कुणाला काय दिसावं

शेअर करताना चार पायऱ्या असतात. नुसतं मोकळं आहे का बिझी एवढंच दिसणं, सगळा तपशील दिसणं, बदल करता येणं, आणि बदलासोबत शेअरिंग पण सांभाळता येणं. काउंटरवरच्या मुलीला तिच्या स्वतःच्या खात्यावर "बदल करता येणं" द्या, दवाखान्याचा पासवर्ड देऊ नका. महिन्यातून एकदा येणारे ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावणारे, सर असतील त्यांना तपशील दिसला तरी पुरे. चौथी पायरी फक्त मालकाला. मुलगी काम सोडून गेली की त्याच दिवशी तिचं नाव काढायचं, गोडीगुलाबीत आठवडाभर राहू देऊ नका, पेशंटचे नंबर असतात त्यात.

नोंद कशी लिहायची, आणि आपली मराठी वेळ

आमची नोंद अशी असते: आडनाव-नाव, गाव, काम, मोबाईलचे शेवटचे चार आकडे. "पाटील सुनीता, चिखली, क्लीनिंग, ४४१२" असं. कोल्हापुरात पाटील, जाधव, कांबळे एका दिवशी तीन-तीन येतात, म्हणून शेवटचे चार आकडे लागतातच. पूर्ण नंबर खाली डिस्क्रिप्शनमध्ये टाकायचा, तिथून दाबून फोन लावता येतो. गाव का, ते पुढं सांगतो, लई कामाला येतंय ते.

आजाराबद्दल नावाच्या ओळीत काही लिहू नका. शुगर आहे, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या आहेत, गरोदर आहे, हे डॉक्टरांच्या केस पेपरवर. कॅलेंडरचं नोटिफिकेशन लॉक स्क्रीनवर येतं आणि काउंटरवर ठेवलेला फोन समोरचा कुणीही वाचू शकतो. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आलाच आहे, पण कायदा राहू दे बाजूला, मावशींनी विश्वासानं सांगितलेली गोष्ट दुसऱ्या पेशंटला दिसावी का?

आता वेळ. हे कुठल्याच ॲपच्या माहितीत मिळणार नाही म्हणून नीट वाचा. आपण बोलतो सव्वा, पावणे, दीड, अडीच, आणि आता काउंटरवर बसणाऱ्या विशीतल्या पोरांना पावणे पटकन कळत नाही. "पावणेसहाला येतो" म्हटलं की आमच्याकडच्या मुलीनं दोनदा ६:४५ टाकलेलं. तिची चूक नाही म्हणत मी, तिच्या शाळेत फाइव्ह फॉर्टी-फाइव्हच होतं. काउंटरच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला, पावणेसहा म्हणजे १७:४५, सव्वासहा म्हणजे १८:१५, दीड म्हणजे १३:३०, अडीच म्हणजे १४:३०, विषय मिटला.

"परवा" हा दुसरा शब्द. मराठीत परवा मागचा पण असतो आणि पुढचा पण, आणि फोनवर रात्री साडेअकराला मेसेज आला "परवा येऊ का" तर तो सकाळी वाचला की परवा कधीचा? "पुढचा सोमवार" तसाच, काहींना येता सोमवार म्हणायचा असतो, काहींना त्याच्या पुढचा. म्हणून वेळ देताना वार आणि तारीख दोन्ही बोलायचं आणि समोरच्याकडून परत वदवून घ्यायचं. "मावशी, गुरुवार, १४ तारीख, सकाळी सव्वाअकरा, बरोबर?" त्या म्हणणार, "हां, गुरवारी सव्वाअकराला." मग फोन ठेवायचा, आणि फोन ठेवायच्या आधी कॅलेंडरवर नोंद झालेली असली पाहिजे, नंतर टाकतो म्हणलेली नोंद राहते. आणि "संध्याकाळी येतो की" हे उत्तर घ्यायचंच नाही, कोल्हापुरातली संध्याकाळ पाचला सुरू होते आणि रंकाळ्यावरनं फिरून आलं तरी संपत नाही. प्रेमानं विचारायचं, किती वाजता लिहू?

डायरीतून सरकताना

अनेकजण दोन्ही चालू ठेवतात, डायरी पण आणि कॅलेंडर पण, महिनाभर बघू म्हणून. तसं करू नका. दोन्ही चालू म्हणजे परत दोन जागा, म्हणजे परत मुरगूडची फेरी. आम्ही असं केलं: सुट्टीच्या दिवशी बसून डायरीतल्या पुढच्या सगळ्या तारखा कॅलेंडरवर घातल्या, एकजण वाचणार आणि एकजण टाकणार, दीडशेच्या आसपास नोंदी होत्या, दुपार गेली. मग डायरीच्या त्या पानावर लाल पेननं रेघ मारली आणि ती वहिनींच्या कपाटात गेली.

वहिनींना कागद हातात लागतोच, त्यांना खुर्चीपासून उठून मोबाईल बघायला हातमोजे काढायला लागतात. म्हणून रोज सकाळी कॅलेंडरचं त्या दिवसाचं प्रिंट काढून खुर्चीसमोर लावतो. पण नियम असा की कागदावर पेननं कुणी काही लिहायचं नाही, बदल असला तर काउंटरला सांगायचा. लाईट गेली, नेट गेलं, तरी तो कागद असतो, आणि मोबाईलवरच्या ॲपमध्ये आधी उघडलेले दिवस नेट नसताना पण दिसतात.

फोनवर नोटिफिकेशन वाजत नसेल तर बॅटरीची सेटिंग बघा. बरेच फोन बॅटरी वाचवायला मागचे ॲप झोपवून टाकतात, कॅलेंडरला त्यातून सूट द्यायला लागते. नोंद चुकून डिलीट झाली तर घाबरू नका, कॉम्प्युटरवर कॅलेंडरच्या कचरापेटीत ती तीसेक दिवस असते.

न आलेल्या माणसाची नोंद मात्र डिलीट करू नका. आम्ही नावाच्या पुढं "नाही आले" लिहितो आणि रंग राखाडी करतो. महिन्याच्या शेवटी "नाही आले" सर्च केलं की सगळी यादी समोर. त्यात आम्हाला दिसलं की गावाकडचे पेशंट सकाळी नऊच्या आणि संध्याकाळी सहाच्या वेळा चुकवतात, आणि अकरा ते चारच्या कधीच नाही. कारण धारा काढायची आणि डेअरीला दूध घालायची वेळ. घरची म्हैस सोडून कोण येणार? तेव्हापासून चिखली, वडणगे, शिये, भुयेवाडीच्या माणसाला आम्ही आपणहून साडेअकराची, दीडची वेळ सुचवतो आणि संध्याकाळ नोकरीवाल्यांना ठेवतो.

रिमाइंडर नक्की कुणाला जातो

इथं सगळ्यात जास्त गैरसमज आहे. कॅलेंडरमध्ये "तीस मिनिटं आधी आठवण" टाकली की ती तुमच्या खिशात वाजते, पेशंटच्या नाही. गुगल कॅलेंडर पूर्वी एसएमएसनं आठवण द्यायचं, ते पण खातेवाल्यालाच, आणि जानेवारी २०१९ पासून ते पण बंद आहे. पेशंटचा ईमेल टाकून इन्व्हाइट पाठवलं तर त्याला ईमेल जातो, पण आमच्या शंभरातले फार थोडे ईमेल उघडून बघतात. पेशंटला आठवण द्यायची तर आपल्याकडं व्हॉट्सॲप आणि फोन, बाकी सगळं नंतर.

व्हॉट्सॲप बिझनेस ॲप फुकट आहे. त्यात क्विक रिप्लाय म्हणून सोय असते, पन्नासपर्यंत तयार मेसेज ठेवता येतात, तिरकी रेघ मारून शब्द टाइप केला की अख्खा मेसेज येतो. आमचे तीन आहेत. "उद्या" या शब्दावर असा येतो:

"नमस्कार, उद्या गुरुवार, १४ तारीख, सकाळी ११:१५ (सव्वाअकरा) ला तुमची दातांच्या दवाखान्यात वेळ आहे. येणार असाल तर १ पाठवा, वेळ बदलायची असेल तर २ पाठवा. जेवण करून या, चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत आणा."

वार, तारीख, वेळ तेवढी प्रत्येकाची बदलायची. आकड्यात आणि अक्षरात दोन्ही वेळ लिहितो, कारण मेसेज कॉलेजला जाणारा नातू वाचतो आणि आजीला सांगतो. आणि उत्तर मागितलं पाहिजे. नुसता "लक्षात असू द्या" असा मेसेज वाचून माणूस पुढं जातो, १ दाबलेला माणूस मात्र येतो किंवा निदान फोन करतो, कारण त्यानं शब्द दिलेला असतो. ज्यानं दुपारपर्यंत काहीच पाठवलं नाही त्याला फोन. साठीच्या पुढच्या माणसांना आम्ही मेसेजच्या भानगडीत न पडता सरळ फोनच करतो, दोन मिनिटं लागतात आणि त्यांना बरं वाटतं.

मेसेज किती आधी? आदल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे कुणी नाही म्हटलं तर ती जागा भरायला अख्खा दिवस हातात राहतो. तासाभराच्या मोठ्या कामाला दोन दिवस आधी एक आणि त्याच दिवशी सकाळी एक. याहून जास्त पाठवू नका, लोक म्यूट करतात.

ब्रॉडकास्ट लिस्टच्या नादाला रिमाइंडरसाठी लागू नका. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात हे खरं, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी असताना एकच मेसेज काय कामाचा. दवाखाना दोन दिवस बंद, एवढ्यापुरती लिस्ट बरी. म्हणून पहिल्या भेटीतच काउंटरवर सांगायचं, मावशी आमचा नंबर सेव्ह करून घ्या, आणि मेसेज पाठवला तर चालेल ना हे पण तिथंच विचारून केस पेपरवर टिक करायचं.

एसएमएसचं थोडक्यात. धंद्यासाठी ढिगानं एसएमएस पाठवायचे तर ट्रायच्या, म्हणजे टेलिकॉमवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमांप्रमाणे डीएलटी नावाच्या नोंदणी पोर्टलवर नाव, हेडर (पाठवणाऱ्याचं छोटं नाव) आणि मेसेजचा नमुना रजिस्टर करायला लागतो, ते एका छोट्या दवाखान्याला सुरुवातीला झेपत नाही. आणि देवनागरीत लिहिलेला एसएमएस ७० अक्षरांत संपतो, इंग्रजीत १६० मिळतात, ७० च्या पुढं गेलं की दोन मेसेजचे पैसे, आणि काना-मात्रा पण त्यात मोजले जातात. आपोआप व्हॉट्सॲप मेसेज पाठवणारी सॉफ्टवेअर पण असतात, त्यांना मेसेजचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि पैसे पडतात. दिवसाला पंधरा-वीस पेशंट असेपर्यंत हातानं पाठवणं पुरतं, आमचं रोज वीस मिनिटांत होतं.

परत परत येणारी माणसं

दातांना तारा लावलेली मुलं दर महिन्याला येतात. रिपीटमध्ये "दर महिन्याला १५ तारखेला" टाकलं तर कधी रविवार येतो कधी सण येतो, त्यापेक्षा "दर चार आठवड्यांनी" टाका, वार तोच राहतो, क्लासची वेळ सांभाळता येते. शेवटची तारीख पण घाला, सहा महिने पुढंपर्यंतच, नाहीतर उपचार संपल्यावर पण नोंदी पडत राहतात. एखाद्या वेळची तारीख बदलताना ॲप विचारतं, फक्त ही, ही आणि पुढच्या, का सगळ्या? नव्वद टक्के वेळा "फक्त ही" हेच उत्तर असतं, घाईत "सगळ्या" दाबलं की मागच्या-पुढच्या सगळ्या वेळा सरकतात.

टाके काढायला सात दिवसांनी, कॅप बसवायला लॅबमधून आली की, तपासणीला सहा महिन्यांनी, असल्या गोष्टींना अपॉइंटमेंट म्हणून जागा अडवू नका. त्यांना टास्क म्हणून टाका. त्या तारखेला सकाळी यादी दिसते, फोन करायचा, वेळ ठरली की मग डबा टाकायचा. सहा महिन्यांची तपासणी हे आमच्याकडं पूर्वी कुणाच्याच लक्षात राहायचं नाही, ना त्यांच्या ना आमच्या. आता छोटी कीड छोटी असतानाच सापडते, पेशंटचं रूट कॅनॉल वाचतं. मला विचाराल तर या सगळ्या खटपटीतला सगळ्यात चांगला भाग हाच आहे.

लोकांना स्वतः बुक करू द्यायचं का

गुगल कॅलेंडरमध्ये अपॉइंटमेंट शेड्यूल म्हणून सोय आहे, तुमच्या मोकळ्या वेळांचं पान तयार होतं आणि त्याची लिंक पाठवता येते. साध्या फुकट खात्यात असं एकच पान मिळतं आणि आपोआप आठवणीचे ईमेल वगैरे पैसे भरलेल्या खात्यालाच. सुरुवातीचे दोन महिने हे उघडू नका. आधी आतली घडी बसू द्या.

उघडताना फक्त तपासणी आणि क्लीनिंगसाठी उघडा, रूट कॅनॉल कुणी स्वतःहून बुक करू नये, ते डॉक्टरांनी ठरवायचं. दोन भेटींच्या मधली मोकळी वेळ, दिवसाला जास्तीत जास्त किती, किती तास आधीपर्यंत बुक करता येईल, हे सगळं तिथं भरता येतं. आम्ही पान खुर्ची १ वर ठेवलंय, दिवसाला तीन, आणि किमान बारा तास आधी. मोबाईल नंबर भरल्याशिवाय बुकिंग होणार नाही असा रकाना सक्तीचा करा, नाहीतर नुसतं नाव आणि ईमेल येतो आणि फोन कुणाला करायचा?

एक खाच सांगतो. "दवाखाना बंद" अशी दिवसभराची नोंद टाकली की गुगल ती आपोआप "फ्री" धरतं. म्हणजे तुम्हाला वर पट्टी दिसते बंद म्हणून, आणि बुकिंगचं पान मात्र लोकांना वेळ देत राहतं. ती नोंद उघडून "बिझी" करायची. दिवाळीच्या आधी हे तपासाच.

आपले दिवस कॅलेंडरवर घाला

सरकारी सुट्ट्या आपोआप येतात, कोल्हापूरचे दिवस येत नाहीत. वर्षाच्या सुरुवातीला पंचांग घेऊन बसायचं. तिथीचे सण दरवर्षी वेगळ्या तारखेला, त्यामुळे त्यांना "दर वर्षी" असं रिपीट लावून चालत नाही, प्रत्येक वर्षी हातानं टाकायला लागतात. नवरात्राचे नऊ दिवस अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी, भवानी मंडप, महाद्वार रोड, बिंदू चौक सगळीकडे वाहतूक वळवलेली, त्यात ललिता पंचमीला त्र्यंबोलीची यात्रा आणि दसऱ्याला दसरा चौकातला सोहळा. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा. अनंत चतुर्दशीची मिरवणूक तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. या दिवसांत बंद ठेवा असं नाही, पण प्रत्येक भेटीत पंधरा मिनिटं जास्त धरा आणि मेसेजमध्ये कुठल्या रस्त्यानं यायचं ते एक वाक्य घाला. अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं मूर्तीवर पडतात ते दिवस, मात्र इंग्रजी तारखांना असतो, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, त्याला रिपीट लावता येतं, मंदिराजवळ ज्यांचं दुकान-दवाखाना आहे त्यांनी त्या संध्याकाळी लक्षात घ्याव्यात.

आणि पूर. नावापुढं गाव लिहा म्हटलं होतं ते यासाठी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदी ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे पण बंद झालेला. पाणी ३५-३६ फुटांवर आलं की मी कॅलेंडरच्या सर्चमध्ये चिखली टाकतो, मग आंबेवाडी, मग गगनबावडा रस्त्यावरची आणि रत्नागिरी रस्त्यावरची गावं. ज्यांची पुढच्या आठवड्यात वेळ आहे ते सगळे एका मिनिटात समोर येतात. त्यांना आपणहून फोन करायचा, वेळ पुढं ढकलायची, टाके असतील तर ते आजच काढून घ्यायला बोलवायचं, गोळ्या किती दिवसांच्या आहेत ते विचारायचं. डायरीत हे शोधायला पानं उलटत बसायला लागायचं आणि तोपर्यंत रस्ता बंद.

पैसे भरून काही घेणार असाल तर

तीन डॉक्टर झाले, दिवसाला चाळीस-पन्नास पेशंट झाले, बिल आणि केस पेपर एकत्र पाहिजे झाले, की विकतचं सॉफ्टवेअर घ्यायला हरकत नाही. आम्ही मधे एका कंपनीचं वर्षाचे पैसे भरून घेतलेलं. चार महिन्यांनी आमच्या कामाचं नाही असं कळलं आणि पेशंटची यादी परत मागितली तर एक्सेलमध्ये देता येत नाही असं उत्तर मिळालं. सहाशेच्या वर नावं काउंटरच्या मुलीनं आणि मी हातानं उतरवून काढली. म्हणून डेमो दाखवायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारा, माझा डेटा मी कधीही, स्वतः, एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) काढू शकतो का? त्याला समोर बसवून तो काढून दाखवायला लावा. मग विचारा मराठीत मेसेज जातो का, मेसेजचे पैसे वेगळे का, नेट नसताना काय दिसतं, आणि महिन्याचे पैसे भरता येतात का वर्षाचेच. वर्षाचे लगेच भरू नका.

गुगलवर असाल तरी बॅकअप काढत जा. कॉम्प्युटरवर सेटिंग्जमध्ये इंपोर्ट-एक्स्पोर्ट आहे, तिथून सगळी कॅलेंडर एका झिप फाइलमध्ये उतरतात. आमच्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी साडेनऊला त्याची नोंद आहे, काम दोन मिनिटांचं, फाइल पेन ड्राइव्हवर जाते आणि पेन ड्राइव्ह वहिनींच्या कपाटात, त्या लाल रेघ मारलेल्या डायरीच्या शेजारी.